गणितांचे प्रकार आणि आपली मुले

एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रांतून आपण सर्वांनी वाचला आहे. शिक्षकांनी विद्यार्थी भीमरावांना फळ्यावर येऊन गणित सोडवण्यास सांगितले आणि वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. भीमराव फळ्याजवळ गेले तर डबे बाटतील, म्हणून मुलांनी धावत जाऊन ते बाजूला काढले. त्यानंतरच भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आले. अस्पृश्यता शाळेच्या चार भिंतींतही कशी पाळली जात होती, याचा दाखला म्हणून हा प्रसंग सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. आम्हाला त्यातील आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. डब्यांच्या निमित्ताने जी वाट अडवली गेली, ती गणिताच्या फळ्याकडे जाणारी वाट होती.

आज आपल्या निवासी शाळेत फळा सर्वांना मोकळा आहे. तरीही पाचवीत उत्साहाने पाढे म्हणणारे मूल आठवी-नववीत येईपर्यंत फळ्यापासून दूर सरकू लागते. ‘मला गणित जमत नाही’ हे वाक्य ते स्वतःविषयी कायमचा निकाल लागल्यासारखे उच्चारते. हा निकाल एका विषयापुरता राहत नाही. त्याच्याबरोबर विज्ञान शाखा जाते, तंत्रनिकेतन जाते, बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी जाते. ज्या समाजातील मुलांपुढे आधीच दारे थोडी आहेत, त्यांनी एक दार स्वतःच्या हाताने लावून घेणे आपल्याला परवडणारे नाही.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. गणितावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. परंतु निवासी शाळेत संध्याकाळच्या अभ्यासिकेत विषयांच्या भिंती टिकत नाहीत. समोर वही घेऊन आलेल्या मुलाला ‘हा आमचा विषय नव्हे’ असे सांगता येत नाही. शिवाय इतिहासाच्या साधनांत गणित जागोजागी भेटते. या दोन्ही वाटांनी आमचे एक मत बनले आहे, ते या लेखात मांडतो. मूल गणिताला भिते, कारण त्याला गणिताचा एकच प्रकार दाखवला जातो. गणितांचे अनेक प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकार मनाची वेगळी शक्ती जागी करतो. ते सर्व प्रकार मुलाला भेटले पाहिजेत.

रीतीचे गणित

पहिला प्रकार सर्वांच्या परिचयाचा. शिक्षकांनी रीत सांगावी, एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावे आणि मुलांनी त्याच रीतीने दहा उदाहरणे करावीत. या प्रकाराला कमी लेखण्याचे कारण नाही. पाढे, भागाकार, अपूर्णांक, टक्केवारी यांचा सराव नसेल तर पुढचा एकही प्रकार हाताळता येत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत जे शाळेत जाऊ शकले, त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा तोंडपाठ असे. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै होत्या तोवर बाजारातील हिशेबाला ती शिदोरी लागत असे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि औटकीचे काम संपले. तोंडी हिशेबाची गरज मात्र संपलेली नाही.

अडचण येते ती दिवसभर हाच प्रकार चालू राहिला म्हणजे. मूल प्रश्न वाचणे सोडून देते. त्यातील संख्या उचलते आणि नुकतीच शिकवलेली क्रिया त्यांवर करते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८० च्या सुमारास गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी लहान मुलांना एक प्रश्न दिला : एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी प्रश्नातील आकड्यांवरूनच काहीतरी उत्तर काढून दिले. २६ आणि १० मिळून ३६ हे कप्तानाच्या वयाला शोभणारे उत्तर होते. या प्रश्नाला उत्तरच नाही, असे म्हणण्याचे धैर्य थोड्यांनाच झाले. ही मुले मंदबुद्धीची नव्हती. शाळेने दिलेला प्रश्न बरोबरच असतो आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे, एवढे ती शाळेतच शिकली होती.

म्हणून रीतीच्या दहा उदाहरणांत एखादे अपुऱ्या माहितीचे आणि एखादे जास्तीच्या माहितीचे उदाहरण मुद्दाम मिसळावे. ‘या उदाहरणात एक गोष्ट दिलेली नाही, ती कोणती?’ असा प्रश्न मुलाने शिक्षकाला विचारला, तर ते गणित शिकू लागले असे समजावे.

व्यवहाराचे गणित

दुसरा प्रकार व्यवहारातील उदाहरणांचा. आपल्या समाजाच्या दृष्टीने हा सर्वांत निकडीचा आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगितले. त्यात मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांच्या जोडीला हिशेब होता. ज्याला हिशेब येत नाही त्याचा हिशेब दुसरा कोणी लिहितो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्याआधी सातच वर्षांपूर्वी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे आणि कर्जरोखे जाळले होते. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नाही आणि अंगठा मात्र त्याच कागदावर उमटवावा लागतो, या अवस्थेचा तो उद्रेक होता.

‘रुपयाला महिन्याला एक आणा’ हे शब्द कानाला किरकोळ वाटतात. आता गणित मांडू. रुपयाचे १६ आणे. दरमहा एक आणा म्हणजे वर्षाला १२ आणे. म्हणजे रुपयाला पाऊण रुपया, अर्थात वर्षाला शेकडा ७५ व्याज. हीच भाषा आज ‘शेकडा तीन’ अशी ऐकू येते. बोलणाऱ्याने ‘दरमहा’ हा शब्द गिळलेला असतो आणि वर्षाचा दर ३६ टक्के असतो.

नववी-दहावीच्या मुलांना याच्या पुढची पायरी द्यावी. एका बाईने १०,००० रुपये कर्ज घेतले. ‘व्याज वर्षाला १२ टक्के, सरळ’ असे तिला सांगण्यात आले. व्याज १,२०० रुपये. एकूण ११,२०० रुपये बारा समान हप्त्यांत फेडायचे. दर खरोखर १२ टक्केच आहे काय? पहिल्या महिन्यात तिच्याकडे पूर्ण १०,००० रुपये आहेत, परंतु दर महिन्याला मुद्दलातील सुमारे ८३३ रुपये परत जात आहेत. शेवटच्या महिन्यात तिच्याकडे केवळ ८३३ रुपये उरतात. या बारा रकमांची सरासरी काढली की ती ५,४१७ रुपये येते. म्हणजे वर्षभर सरासरी साडेपाच हजारांहूनही कमी रक्कम वापरून तिने १,२०० रुपये व्याज दिले. खरा दर सुमारे २२ टक्के झाला. दहावीच्या पुस्तकातील अंकगणिती श्रेढी येथे कामी आली. ‘श्रेढीचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या मुलीला बचत गटात बसणाऱ्या आपल्या आईचे कर्ज तपासता आले, तर तो प्रश्न ती पुन्हा विचारणार नाही.

वर्धा जिल्ह्यात व्यवहाराचे गणित कापसाशिवाय पुरे होत नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्यावर असे उदाहरण रचता येते. एका कुटुंबाकडे १२ क्विंटल ४० किलो कापूस आहे. गावात आलेला व्यापारी ६,९०० रुपये भाव देतो आणि पैसे रोख देतो. शासकीय खरेदी केंद्रावर हमीभाव मिळेल, परंतु गाडीभाडे २,५०० रुपये लागेल. कापसातील ओलावा ८ टक्क्यांहून जास्त असेल तर जास्तीच्या प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होईल आणि १२ टक्क्यांच्या वर असेल तर माल घेतलाच जाणार नाही. या कापसात ओलावा ११ टक्के आहे. तर कोठे विकावा?

तीन टक्के कपातीनंतर भाव ७,२९५ रुपये ३७ पैसे उरतो. व्यापाऱ्याच्या भावापेक्षा तो क्विंटलमागे ३९५ रुपये ३७ पैशांनी अधिक आहे. १२.४ क्विंटलचे सुमारे ४,९०३ रुपये झाले. भाडे वजा जाता फायदा सुमारे २,४०० रुपये. गणित येथे संपले असे पुस्तक म्हणेल. मुले मात्र पुढे विचारतात : पैसे खात्यात केव्हा जमा होतील? रांगेत गाडी दोन दिवस उभी राहिली तर? कापूस चार दिवस उन्हात वाळवला तर ओलावा कमी होईल, पण वजनही घटेल, मग? या प्रश्नांची उत्तरे घरागणिक बदलतात. ज्याला परवाच औषधाचे पैसे भरायचे आहेत त्याचे उत्तर वेगळे आणि ज्याला पंधरा दिवस थांबता येते त्याचे वेगळे. गणिताला एकाहून अधिक योग्य उत्तरे असू शकतात, हे मुलांना येथे प्रथमच कळते.

वर्ध्याने दाखवलेली वाट आणि आपला विवेक

जीवनातून गणित शिकवावे हा विचार वर्ध्यात नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सात वर्षांच्या, मातृभाषेतून दिल्या जाणाऱ्या, हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना तयार केली. हीच पुढे ‘वर्धा योजना’ आणि ‘नई तालीम’ म्हणून देशभर ओळखली गेली. तकलीवर सूत काततानाच मुलाने मोजावे, तोलावे, सरासरी काढावी, अशी तिची मांडणी होती.

हा प्रकार आजही वापरता येतो. खादीच्या मापात ४ फूट सूत म्हणजे एक तार, १६० तारांची एक लटी आणि ६४० तारांची, म्हणजे चार लट्यांची, एक गुंडी. एका गुंडीत २,५६० फूट सूत असते. १२ गुंड्या सूत सलग पसरले तर ते ३०,७२० फूट, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरहून अधिक होईल. वर्ध्याहून निघालेले ते सूत सेवाग्रामच्या पलीकडे पोहोचेल. हातात मावणाऱ्या वस्तूत एवढे अंतर गुंडाळलेले आहे हे पाहून मूल चकित होते आणि मापांच्या रूपांतराचा कंटाळा जातो.

तरीही या योजनेकडे आम्ही डोळे मिटून पाहत नाही. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा हा तिच्यातील आग्रह आम्हाला मान्य नाही. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी श्रमच केले आणि जेथे जातीने धंदा ठरवून दिला, त्या घरांतील मुलाला शाळेतही पुन्हा चरखाच द्यायचा असेल, तर त्या चरख्यापासून पुढे कोठे जायचे हे शाळेने सांगितले पाहिजे. नागपूर-वर्धा भागात आपल्यातील कितीतरी घराण्यांनी हातमागावर जाडेभरडे कापड विणले आणि नंतर गिरण्यांत पाळ्या केल्या. सूत त्यांना नवे नव्हते. त्यांना हवा होता तो सुताच्या हिशेबाचा आणि भावाचा ताबा. म्हणून वर्धा योजनेतील गणित आपण घ्यावे आणि त्या गणिताने मुलाला हस्तोद्योगाच्या पलीकडे न्यावे.

आकडेवारीचे गणित

तिसरा प्रकार आकडेवारीचा. इतिहासाच्या तासाला हा प्रकार आम्ही आवर्जून घेतो, कारण त्याचा उत्तम नमुना बाबासाहेबांच्या भाषणात आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह घडला, हे प्रत्येक मुलाला पाठ असते. त्याच्या एकच आठवडा आधी, १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बाबासाहेबांनी केलेले भाषण फार थोड्यांनी वाचलेले असते. ते भाषण म्हणजे एका प्रज्ञावंताने सरकारी अहवालावर सोडवलेली गणिते आहेत.

त्यातील एक गणित पाहा. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूवरील करातून, दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. मुलांना सांगावे, दोन्हींच्या पै करा. १४ आण्यांच्या १६८ पै झाल्या. २ रुपये २ आणे ९ पै यांच्या ४१७. भागाकार केला की सुमारे अडीच येतो. म्हणजे लोकांना शिकवण्यावर जेवढे खर्च होत होते, त्याच्या अडीचपट लोकांच्या दारूतून मिळत होते. शाळेत शिरलेल्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी सभागृहाला दाखवले. प्राथमिक शिक्षणात दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुले होती, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि मागास वर्गाची १८. ११९ आणि १८ यांचे गुणोत्तर साडेसहाहून अधिक आहे. अन्याय झाला असे नुसते म्हणणे आणि तो साडेसहापट आहे असे दाखवणे, यांतील फरक मुलाला या एका भागाकारात समजतो.

त्याच भाषणातील तिसरे गणित वेगाचे आहे. प्रगतीचा हाच वेग राहिला तर सर्व मुलगे शाळेत येण्यास ४० वर्षे आणि सर्व मुली येण्यास ३०० वर्षे लागतील, असा हिशेब त्यांनी मांडला. १९२७ मध्ये ४० मिळवले की १९६७ येते. ३०० मिळवले की २२२७. मुलींच्या वसतिगृहात ही बेरीज करून दाखवावी. त्या वेगावर विसंबून राहिलो असतो तर आज समोर बसलेल्या मुलींपैकी कितीजणी येथे असत्या, हा प्रश्न त्या स्वतःच विचारतात. वेग, काळ आणि अंतर यांचे सूत्र त्यानंतर समजावून सांगावे लागत नाही.

यापुढे मुलांनी स्वतःची आकडेवारी गोळा करावी. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ आणि क्षेत्रफळ सुमारे ६,३०९ चौरस किलोमीटर. चौरस किलोमीटरला २०६ माणसे. ही सरासरी हिंगणघाट शहराला लागू पडते काय? बोरच्या जंगलातील एखाद्या वस्तीला? सरासरी काय सांगते आणि काय लपवते, हे दोन्ही प्रश्न बरोबरीने विचारावेत. आपल्या शाळेच्या हजेरीपटांवरूनही गणित मांडता येते : पाचवीत किती मुले-मुली आली, दहावीपर्यंत किती राहिली, मधल्या कोणत्या वर्षी अधिक गेली? या गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते. ते आपल्या सर्वांना मिळून द्यावे लागते.

सिद्धतेचे गणित

चौथा प्रकार सिद्धतेचा. भूमितीच्या वहीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ असे तीन शब्द मुले लिहितात आणि खालचा मजकूर बहुधा पाठ करतात. पाठ केलेली सिद्धता ही सिद्धताच नव्हे. सिद्धता कशासाठी हवी हे कळल्यावरच तिची गोडी लागते.

त्यासाठी एक सोपे उदाहरण आहे. कोणतीही पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा आणि शेवटी ४१ मिळवा. शून्य घेतले तर ४१ येते, १ घेतला तर ४३, २ घेतले तर ४७, ३ घेतले तर ५३. सर्व मूळ संख्या आहेत. शून्यापासून ३९ पर्यंत करून पाहिले तर चाळीसच्या चाळीस वेळा मूळ संख्याच मिळते. आता कोणीही म्हणेल की हे नेहमीच खरे असणार. पण ४० घ्या : १,६०० अधिक ४० अधिक ४१, उत्तर १,६८१, आणि १,६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस वेळा खरे ठरलेले विधान एकेचाळिसाव्या वेळी खोटे निघाले. फार दिवस चालत आले आहे, म्हणजे ते खरेच असले पाहिजे, या समजुतीला याहून स्वच्छ उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

याउलट विषम संख्यांची बेरीज पाहा. १ आणि ३ मिळून ४. त्यात ५ मिळवले की ९. ७ मिळवले की १६. प्रत्येक वेळी वर्गसंख्या येते. हे तरी कायम टिकेल काय? चिंचोके घ्या. एक चिंचोका ठेवा. त्याच्या दोन बाजूंनी काटकोनात ३ चिंचोके लावले की दोन-दोनचा चौरस होतो. पुन्हा तसेच ५ लावले की तीन-तीनचा. प्रत्येक नव्या थरात आधीच्या थरापेक्षा दोन चिंचोके अधिक लागतात, कारण दोन्ही बाजू एकेकाने वाढतात. म्हणून हे कायमचे खरे आहे. येथे मुलाने शिक्षकावर विश्वास ठेवलेला नाही आणि पुस्तकावरही नाही. ‘का’ हे त्याने स्वतः पाहिले आहे. कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले की परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतो आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका. त्या उपदेशाचा सराव करण्यास शाळेत गणिताच्या तासासारखी दुसरी जागा नाही. येथे सर्वांत लहान मूलही मोठ्या माणसाचे उत्तर ताळा पाहून चुकीचे ठरवू शकते आणि त्यात उद्धटपणा नसतो.

कोड्यांचे गणित

पाचवा प्रकार निव्वळ आनंदाचा. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्याकडे गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. आकड्यांशी खेळण्याचे वेड मात्र अपार होते. त्यांना सापडलेला ६१७४ हा अंक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. रीत अशी : सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा आणि वजाबाकी करा. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच स्थिरावते.

धम्मदीक्षेचे साल घेऊ, १९५६. ९६५१ वजा १५६९, उत्तर ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, उत्तर ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. तीन पायऱ्या झाल्या. आता महाडचे साल घेऊ, १९२७. ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. येथे पुऱ्या सात पायऱ्या लागल्या. यात गूढ काही नाही आणि शुभाशुभही काही नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. कोणतेही साल घेतले तरी शेवट तोच होतो. परंतु आपले जन्मसाल किती पायऱ्यांत पोहोचते हे पाहण्यासाठी जे मूल वजाबाकीचा कंटाळा करते, तेच मूल पानेच्या पाने वजाबाक्या करते. तीन अंकी संख्यांचा शेवट कोठे होतो, हे येथे मुद्दाम सांगत नाही. घरी करून पाहावे.

प्रश्नच तपासणारे गणित

सहावा प्रकार सर्वांत अवघड आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा. येथे उत्तराआधी प्रश्न तपासावा लागतो. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या समस्येवर निबंध लिहिला. त्या काळी सर्वत्र विचारले जात होते की जमिनीचे तुकडे मोठे कसे करावेत. बाबासाहेबांनी हा प्रश्नच अपुरा ठरवला. शेत लहान की मोठे हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या परस्पर प्रमाणावरून ठरते. शेतीवर माणसांचा भार जास्त आणि साधने कमी असतील तर तुकडे जोडून भागणार नाही; उद्योग वाढवून तो भार हलका केला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

वर्गात हे असे मांडता येते. एका घराकडे पाच एकर कोरडवाहू जमीन आहे, बैलजोडी नाही आणि खाणारी तोंडे नऊ. दुसऱ्या घराकडे दोन एकर जमीन, विहीर, पंप आणि तोंडे चार. कोणाचे शेत मोठे? पहिल्या क्षणी सगळा वर्ग ‘पाच एकर’ म्हणून ओरडतो. नंतर शांतता पसरते. नंतर प्रश्न सुरू होतात : विहिरीला पाणी किती महिने असते, मजुरी किती, पेरणीसाठी बैल कोणाकडून आणायचे? त्या प्रश्नांत प्रमाण, गुणोत्तर आणि सरासरी हे सर्व आपोआप येते. शिवाय मुलाला कळते की समोर ठेवलेला प्रश्न कोणीतरी मांडलेला असतो आणि तो वेगळ्या रीतीनेही मांडता येतो.

हे प्रकार मुलांपुढे कसे आणावेत

जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने १९४५ साली गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. आपल्या शाळांत बहुतेक वेळ तिसऱ्या पायरीवरच जातो. पहिल्या आणि चौथ्या पायरीला वेळ दिला तर वरील सर्व प्रकार हाताळता येतात.

निवासी शाळेला यात मोठी सोय आहे, कारण मुले संध्याकाळीही आपल्याजवळ असतात. आठवड्यातील चार दिवस रीतीच्या सरावाला द्यावेत, कारण परीक्षा तीच मागते. पाचव्या दिवशी एकच व्यवहाराचे किंवा आकडेवारीचे उदाहरण घ्यावे आणि चार-चार मुलांच्या गटाने ते सोडवावे. सहाव्या दिवशी कोडे किंवा सिद्धता घ्यावी. महिन्यातून एकदा मुलांनी स्वतः प्रश्नपत्रिका तयार करावी आणि दुसऱ्या गटाने ती सोडवावी. ज्याला उदाहरण रचता येते त्याला ते समजले आहे, हे ओळखण्यास वेगळी परीक्षा लागत नाही. उत्तर चुकले पण विचार बरोबर असला, तर त्या विचाराला गुण द्यावेत. उत्तर बरोबर असूनही ‘कसे आले’ हे सांगता येत नसेल, तर पूर्ण गुण देऊ नयेत. मुलींना गटाची वही लिहिण्याचे काम आणि मुलांना फळ्यावर जाण्याचे काम, अशी वाटणी नकळत होते. ती होऊ देऊ नये.

पालकांना आमची विनंती छोटी आहे. सुटीत मूल घरी आले की ‘किती गुण मिळाले?’ याच्या आधी ‘कोणते गणित सोडवलेस ते मला सांग’ असे म्हणावे. आपण शाळेत गेला नसाल तरी बिघडत नाही. उलट ज्याला माहीत नाही त्याला समजावून सांगताना मुलाचे गणित पक्के होते. घरातील वीजबिल, किराण्याची चिठ्ठी, कापसाची काटापट्टी त्याच्या हाती द्यावी आणि हिशेब तपासून मागावा.

माजी विद्यार्थ्यांकडून मात्र आम्हाला अधिक हवे आहे. आपण आज निरनिराळ्या कामांत आहात आणि प्रत्येक कामात गणित आहे. रुग्णालयात काम करणारी परिचारिका ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे असेल आणि एका मिलिलिटरचे २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला ४२ थेंब ठेवते. गवंडी भिंतीचा कोपरा गुण्यात आहे की नाही हे पाहण्यासाठी एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजतो आणि तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरते का ते पाहतो; पायथागोरसचा प्रमेय त्याच्या दोरीत असतो. बसचा वाहक, शिंपी, बँकेतील कारकून, वीज दुरुस्त करणारा, तलाठी, घर चालवणारी गृहिणी, प्रत्येकाकडे अशी उदाहरणे आहेत आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या कामातील एक खरे गणित, खऱ्या आकड्यांसह, एका पानावर लिहून शाळेकडे पाठवावे. उत्तर लिहू नये. अशी शंभर पाने जमली तर आपल्या शाळेचा स्वतःचा उदाहरणसंग्रह होईल. आणि तो सोडवणाऱ्या प्रत्येक मुलाला कळेल की हे गणित आपल्याच वर्गात बसून गेलेल्या कोणीतरी घातले आहे.